रोट संपेपर्यंत

आमच्या वॉर्डात खुर्ची नव्हती. मी कामाला लागायच्या आधी एक होती म्हणे, लोखंडी. पण एकदा दुपारी ड्यूटीवरची एक बाई तिच्यावर बसल्या बसल्या झोपलेली सापडली आणि साहेबांनी, म्हणजे हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांनी, ती खुर्ची खाली नेऊन ठेवायला लावली. पेशंटना खाटा होत्या. आम्ही उभं राहायचं, नाहीतर फिरत राहायचं. पाय फारच दुखले तर खिडकीच्या कट्ट्याला टेकायचं आणि जिन्यात चपला वाजल्या की सरळ व्हायचं.

ते मानसिक आजाराचं खासगी हॉस्पिटल होतं, एका ट्रस्टनं चालवलेलं. सुरतेत प्लेग येऊन गेला, त्याच्या पुढच्या वर्षी मी तिथं बायकांच्या वॉर्डात आयाबेन म्हणून लागले. सकाळचं कॉलेज आटपून बारा वाजेपर्यंत पोचायचं आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर निघायचं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडील लूमच्या खात्यात यंत्रमागावर, आई घरी बसून साड्यांना चमचमत्या टिक्क्या लावायची. नवागामच्या आमच्या गल्लीत दहावीनंतर मुलीला शिकवणं म्हणजे पैसे आणि मुलगी दोन्ही वाया घालवणं, असं सगळे उघडच म्हणायचे. वडील विरोध करायचे नाहीत, पण फी भरायची वेळ आली की ते गप्प होत. म्हणून मी ठरवलं होतं की माझं शिक्षण माझ्या कामावर होईल. काम गेलं तर कॉलेज गेलं, इतका साधा हिशोब होता, आणि तो घरात सगळ्यांना माहीत होता.

कॉलेजात सगळं गुजरातीत शिकवत. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलेली. सर बोलत ते कानानं गुजराती ऐकायचं आणि हातानं देवनागरीत उतरवायचं. त्यामुळे असेल कदाचित, मी कुठंही पटकन बोलत नसे. उत्तर मनात आधी जुळवायचं, मग तोंड उघडायचं. तोपर्यंत बोलणं पुढं गेलेलं असायचं. हा माझा स्वभाव नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मला महाग पडला.

हॉस्पिटलला आमच्यावर विश्वास नव्हता, हे पहिल्याच दिवशी कळलं. बांगड्या, सेफ्टीपिना, केसांतल्या पिना हे सगळं खाली काढून ठेवायचं, ते पेशंटच्या जिवासाठी, आणि ते पटलंही. पण जाताना वॉचमन पिशवी उघडायचा, डब्याचं झाकण काढून बघायचा, कधी भाजीत चमचा फिरवायचा. साबण, फिनेल, पेशंटच्या घरून आलेली बिस्किटं, काहीही हरवलं तरी आधी आमच्याकडं बघितलं जायचं. आणि दुपारी आम्हाला कोंडायचे. हे मी आजही कुणाला सांगते तेव्हा त्यांना वाटतं मी वाढवून सांगतेय.

दुपारचं जेवण झालं की दोघी खाली धुणं आणायला आणि स्वयंपाकघरात जायच्या. वॉर्डात एकच जण उरायची, बहुतेक मीच, कारण मी सगळ्यांत नवी होते. त्या वेळात वॉर्डाला बाहेरून कुलूप लागायचं आणि किल्ली खाली वॉचमनकडं. पूर्वी एक आयाबेन पेशंट झोपल्या बघून घरी मुलाला दूध पाजायला जाऊन आली होती. तेव्हापासून हा नियम. म्हणजे पेशंट पळू नयेत म्हणून नाही, पेशंटसाठी आतली जाळी होतीच. कुलूप आमच्यासाठी होतं.

त्या दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात एकदा, नुकत्याच आलेल्या एका तरुण पेशंटनं नळाखालची बादली उचलून माझ्या कपाळावर मारली. तिची चूक नव्हती, तिला मी कुणीतरी वेगळीच वाटले होते. रक्त डोळ्यात यायला लागलं. मी खिडकीतून हाका मारल्या. वॉचमन चहाला गेला होता. हाका मारून मारून माझा घसा बसला. बाकीच्या बायका भोवती उभ्या राहून बघत होत्या. खिडकीजवळच्या खाटेवरची म्हातारी, जिला सगळे नुसतं 'बा' म्हणायचे आणि जी दिवसभर एका फडक्यानं खिडकीचे गज पुसत बसायची, तिनं ते फडकं माझ्या हातात दिलं. मी ते कपाळाला दाबून धरलं. ही बा कधी बोलायची नाही. जेवण दिलं की जेवायची, गोळी दिली की तोंड उघडून दाखवायची, पुन्हा गज पुसायची.

टाके घालताना सिस्टर म्हणाल्या, "बाथरूममध्ये पाय घसरला असं सांग. उगाच पेशंटचं नाव कशाला?" मी हो म्हटलं. घरीही तेच सांगितलं, नाहीतर आईनं दुसऱ्या दिवशी पाठवलंच नसतं. आम्हा तिघींनाही हेच सांगायला लावलं होतं.

तिघी म्हणजे मी आणि आणखी दोघी. एक मोटीबेन, सुरतच्याच, जुन्या गावठाणातल्या, विधवा. वॉर्डात सर्वांत जुन्या. त्यांच्या आवाजानं रागावलेली पेशंटसुद्धा खाटेवर बसायची. दुसरी अक्का, परभणीकडची. नवरा बांधकामावर, स्वतः आधी विटा वाहायची. अक्काचं तोंड सतत चालू. "कॉलेजवाली, आज काय शिकलीस? सांग की आम्हाला. डोक्यात नुसत्या उवाच भरल्यात आमच्या," असं ती रोज म्हणायची.

कोंडणं, झडती, उभं राहणं, या सगळ्यात आमचं म्हणून एकच होतं, ते म्हणजे जेवण. पेशंटची जेवणं झाली की आम्ही कपड्यांच्या खोलीत, चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये वर्तमानपत्र अंथरून बसायचो. तिघींचे डबे मध्ये उघडायचे आणि पहिला घास दुसरीच्या डब्यातला घ्यायचा. आपल्या डब्याला हात शेवटी. हा नियम कुणी केला माहीत नाही, मोटीबेनच्या आधीपासूनचा होता. मोटीबेन माझी ठेच्याची चटणी खाऊन हाय हाय करायच्या आणि पुन्हा मागायच्या. अक्का म्हणायची, "बाहेर सगळे आपल्याला चोर समजतात. इथं तरी एकमेकींचं खाऊन साव होऊ." मला त्या खोलीत बोलता यायचं.

श्रावणात एका दुपारी हॉस्पिटलची पाहणी करायला बाहेरगावाहून काही लोक आले. न कळवता. मी नेमकी आत एका पेशंटला अंघोळ घालत होते. बाहेर आले तर वॉर्डात दोन पुरुष आणि एक बाई फिरत होते, मागे सिस्टर पदर सावरत. एक जण खिडकीजवळ खाटेच्या कडेला टेकला होता. मला त्यांनी नाव विचारलं, किती वेळ उभी असतेस विचारलं. मी सिस्टरकडं बघितलं आणि "साधारण" असं काहीतरी म्हटलं. साधारण म्हणजे काय ते मलाही कळलं नाही. ते गेले.

काही दिवसांनी वॉर्डात बातमी आली की साहेबांना वरून फोन आला होता आणि ते खूप रागावलेत. त्या लोकांना सगळं ठाऊक होतं. दुपारी एकच बाई असते हे, तिला बाहेरून कोंडतात हे, आणि एका आयाबेनला बादली लागून रक्त आलं, ती ओरडत राहिली आणि किल्ली आली नाही हेसुद्धा. बाथरूममध्ये पाय घसरला ही गोष्ट त्यांनी ऐकूनच घेतली नव्हती.

आता हे सांगितलं कुणी? आम्ही तिघी, सिस्टर आणि वॉचमन सोडून हे कुणालाच माहीत नव्हतं, असं साहेब म्हणाले. आणि आम्हीही हेच मानलं. आज लिहिताना नवल वाटतं, पण त्या वाक्यात काही चुकतंय असं तेव्हा एकीच्याही मनात आलं नाही.

साहेबांनी एकेकीला बोलावलं. माझ्या वेळी ते पंखा बंद करून बसले होते, बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून की काय. गुजरातीत म्हणाले, "जुओ बेन, तमे तो भणेला छो. शिकलेल्या माणसाला कळतं घरातलं बाहेर न्यायचं नसतं. मी कुणाला दोष देत नाही. फक्त नाव सांगा. पौर्णिमेनंतर मी ठरवणार आहे. नाव नाही कळलं तर तिघी नव्या बघीन, रोजंदारीवर माणसं पुष्कळ मिळतात."

"मला माहीत नाही साहेब."

"विचार करा. तुमच्या कपाळावरची खूण तर तुमचीच आहे ना?"

मी जिना चढताना विचार करत होते, मोटीबेन आणि अक्काला त्यांनी काय सांगितलं असेल. हेच, की मी सांगितलं असेल? आणि त्यांनी काय उत्तर दिलं असेल? वर आले तर दोघी चादरी घडी करत होत्या आणि मला बघून गप्प झाल्या. कदाचित योगायोगानं झाल्या असतील. पण त्या दिवसापासून मी प्रत्येक गप्प बसणं मोजायला लागले. अक्का रोजच्यासारखी चेष्टा करायची, तर वाटायचं, काहीतरी काढून घ्यायला बोलतेय. बोलली नाही तर वाटायचं, बोलणं तोडलं. त्या पाहुण्यांतली बाई मराठी होती. अक्का त्या दिवशी खाली धुण्याजवळ तिच्याशी बोलताना दिसली होती. हे मी कुणाला सांगितलं नाही, पण मनात ठेवलं.

याच सुमारास आमच्याकडं कानबाई आली. ज्यांना हा सण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. खानदेशातली माणसं सुरतेत येऊन कितीही वर्षं झाली तरी श्रावणात कानबाई बसवतात. नारळाला नथ घालून, नटवून देवी मांडतात, रात्रभर गाणी, सोमवारी वाजतगाजत विसर्जन. घरातल्या पुरुषांच्या नावानं मुठी मुठी गहू घेतात आणि त्याच्या पिठाचे रोट करतात. ते रोट घरच्यांनीच खायचे. परक्याला एक तुकडाही द्यायचा नाही, खाली सांडायचा नाही, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. त्या वर्षी गावाकडून काका येणार होते ते आले नाहीत, त्यांच्या वाट्याचे गहू मात्र धरले गेले होते. रोट उरले ते उरलेच. आई रोज माझ्या डब्यात तेच भरायची.

"कोनलेच देऊ नको बरं माय," ती झाकण लावताना म्हणायची. "रोट शे तो. घरनासनीच खावाना ऱ्हास."

मला ते पटत होतं का, माहीत नाही. पण आजी गेल्यापासून आईनं कानबाईत काही कमी पडू दिलं नव्हतं, आणि तिच्या शब्दाबाहेर जाऊन तो डबा वर्तमानपत्रावर मध्ये ठेवणं मला जमलं नसतं.

आणि हे कपड्यांच्या खोलीत सांगायचं कसं? ज्या बायकांचा मी रोज पहिला घास खाते त्यांना सांगायचं की माझ्या डब्यातलं तुम्हाला चालणार नाही, कारण तुम्ही परक्या? मी पहिल्या दिवशी पोट बरं नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी जिन्याच्या वळणावर भिंतीकडं तोंड करून भराभर खाल्लं. तिसऱ्या दिवशीही. सिस्टर वर येताना थांबल्या, माझ्याकडं बघितलं आणि पुढं गेल्या.

त्यानंतरच्या दिवशी मोटीबेन जिन्यातच आल्या. मागे अक्का.

"ए कॉलेजवाळी. अहीं शुं करे छे?"

"जेवतेय."

"ते दिसतं. आमच्यात का नाही? डबो खोल जोउं."

मी झाकणावर हात ठेवला. खरंच ठेवला, विचार न करता.

"जो, जो! काय लपवते?" मोटीबेन अक्काकडं वळल्या. "मी सांगितलं नव्हतं? नजर मिळवत नाही ही, त्या लोकांच्या येण्यापासून."

"लपवत नाही मोटीबेन. देवीचं आहे. कानबाईचे रोट. घरच्यांशिवाय कुणाला देत नाहीत."

"एटले अमे पारका?"

मी उत्तर जुळवत राहिले. 'म्हणजे आम्ही परक्या?' असं घरच्या बाईला कधी विचारावं लागत नाही, आणि हो म्हणणं आणि नाही म्हणणं दोन्ही खोटं होतं.

अक्का म्हणाली, "देवाचं आमच्याकडं पण असतंय गं. नवसाचं असतंय, खंडोबाचं असतंय. पण आम्ही असं भिंतीला तोंड लावून खात नाही. आजवर दोन वर्षं माझ्या भाकरी खाल्ल्यास, तेव्हा नव्हती का कानबाई?"

"मागच्या वर्षी रोट लवकर संपले होते."

"वा! वर्षाला नवीन नवीन निघतंय."

मी म्हटलं ते खरं होतं, अगदी खरं, पण ऐकायला किती खोटं वाटलं ते मलाच कळलं. मोटीबेन हळू आवाजात म्हणाल्या, "मारे एक छोकरो छे, अजून शिकतोय, तने खबर छे ने? तिघी निघालो तर मी कुठं जाऊ? तुझं लग्न होईल, तू जाशील. माझं काय?" आणि त्या उतरून गेल्या. अक्कानं माझ्या डब्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "जेव बाई. देवीचं आहे, टाकू नको."

त्यानंतर त्या माझ्यासाठी वर्तमानपत्रावर जागा ठेवत नव्हत्या. एक मात्र लक्षात आलं. मी त्यांच्याविषयी जेवढा संशय घेत होते तेवढाच त्या माझ्याविषयी घेत होत्या, आणि साहेबांना याहून वेगळं काही नको होतं. पण हे कळूनही माझा संशय गेला नाही. अक्का आणि ती मराठी बाई, धुण्याजवळ. ते चित्र पुन्हा पुन्हा यायचं. मला वाटायचं, हिनंच सांगितलं आणि आता ही मोटीबेनच्या मागे लपून मला पुढं करतेय.

पौर्णिमा जवळ आली होती. एका दुपारी, कुलूप लागल्यानंतर, मी बायकांची डोकी बघत होते. उवांचं औषध लावायचं होतं. बाचे केस पांढरे आणि विरळ, विंचरायला वेळ लागत नाही. मी तिच्या मागे उभी होते, ती खिडकीकडं तोंड करून. आणि ती अचानक म्हणाली,

"मटी गयुं?"

मला आधी कळलंच नाही की ही बोलली. "काय बा?"

तिनं मान न वळवता हात मागे आणला आणि माझ्या कपाळाच्या दिशेनं बोट केलं. "वाग्युं हतुं ते."

"हो. बरं झालं."

"में कीधुं एमने," ती म्हणाली. "मी सांगितलं त्यांना, ही छोकरी ओरडत होती आणि कोणी आलं नाही. ताळुं बंद होतं. रोज बंद असतं."

"कुणाला सांगितलं बा?"

"पेला साहेब आव्या'ता ने. अहीं बेठा'ता." तिनं खाटेच्या कडेवर हात ठेवला. "एमणे पूछ्युं." पाहणीला आलेला तो माणूस तिथंच टेकला होता, त्यानंच विचारलं होतं.

फणी माझ्या हातात तशीच राहिली. मी आणखी काही विचारलं, दोनतीनदा विचारलं, पण ती पुन्हा गज पुसायला लागली. जणू जे होतं ते बोलून संपलं होतं. भोवती सगळा वॉर्ड होता. सगळ्यांनी बादली पाहिली होती, सगळ्यांनी माझ्या हाका ऐकल्या होत्या. हॉस्पिटलात कुणाकुणाला माहीत आहे याची मोजणी साहेबांनी केली, आम्ही केली, आणि या बायकांना कुणी मोजलंच नाही.

मी ते कुलूप उघडायची वाट बघत दाराशी उभी राहिले. मोटीबेन धुणं घेऊन वर आल्या तशी त्यांना कपड्यांच्या खोलीत ओढलं आणि सांगितलं. मला इतकं हलकं वाटत होतं की मी जुळवणीही केली नाही, मिळेल त्या भाषेत बोलले.

मोटीबेननी चादरीचा गठ्ठा खाली ठेवला.

"बा? बा बोली?"

"हो. आत्ता बोलल्या."

"चार वर्षं मी तिला भरवते. मारी साथे एक अक्षर नहीं. आणि तुझ्याशी बोलली." त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. "काच फुटली की आपण म्हणतो पेशंटनं फोडली. साबण गेला की पेशंटनं खाल्ला. आपण सगळ्या म्हणतो, मी पण म्हणते. पण हे? आपली नोकरी वाचवायला एका मुक्या बाईच्या माथ्यावर? कॉलेजमध्ये हेच शिकवतात?"

"मोटीबेन, खरंच…"

"साहेबांना सांग मग. सांग ना. ते लगेच मानतील. पछी शुं थशे तने खबर छे?"

मग काय होणार ते मला माहीत होतं. जी पेशंट त्रास देते तिला इंजेक्शन आणि मागची बंद खोली. आणि बाचा मुलगा, कतारगामला हिऱ्याच्या कारखान्यात असलेला, किती वर्षांनी त्या महिन्यात भेटायला येऊन गेला होता. दिवाळीनंतर घरी नेतो म्हणाला होता. डॉक्टरांनी होकार द्यायचा बाकी होता. पेशंट बाहेरच्यांशी खोटंनाटं बोलते, बिघडली आहे, असं साहेबांनी एकदा म्हटलं असतं की तो होकार आलाच नसता.

त्या रात्री घरी मी अभ्यासाला बसले आणि एकच पान उघडं ठेवून बसले. आईनं विचारलं, "काय व्हयनं?" मी म्हटलं, काही नाही. काम जाणार आहे हे सांगायचं होतं, पण त्यासाठी कपाळाचीही गोष्ट सांगावी लागली असती.

साहेबांनी पुन्हा बोलावलं. या वेळी पंखा चालू होता आणि सिस्टर बाजूला उभ्या होत्या.

"हं, बोला. कोण?"

मी मनात वाक्य जुळवून आणलं होतं. मला माहीत नाही, इतकंच म्हणायचं होतं. पण सिस्टर माझ्याकडं अशा बघत होत्या, जशा जिन्यात बघून गेल्या होत्या, आणि मला वाटलं यांनी आधीच सगळं सांगून ठेवलं आहे, भिंतीकडं तोंड, लपवलेला डबा, सगळं. मग माझ्या तोंडून निघालं,

"साहेब, ज्यांनी सांगितलं त्यांनी खोटं काही सांगितलं नाही ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे कुलूप तर लागतंच."

साहेब सिस्टरकडं बघून हसले. ज्याला हवं ते मिळालं त्याचं हसू. "मी म्हटलं होतं ना, भणेली छे." मग माझ्याकडं वळून, "म्हणजे तूच."

मी नाही म्हणाले नाही. यात माझा मोठेपणा होता असं मला वाटत नाही. नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, मग कोण, आणि त्याचं उत्तर आता मला माहीत होतं. माहीत नसतं तेव्हा माहीत नाही म्हणणं सोपं होतं. मी फक्त उभी राहिले. उभं राहायची सवय होतीच.

सोमवारपासून येऊ नको म्हणाले. मोटीबेन आणि अक्का राहिल्या.

कॉलेज सुटलं नाही, पण वर्ष गेलं. आईबरोबर टिक्क्या लावल्या, मग सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात साड्या घडी करून पॅक करायचं काम मिळालं. सकाळी लवकरची बस धरावी लागे, म्हणून परीक्षेला त्या वर्षी बसले नाही, पुढच्या वर्षी बसले. वडिलांनी काही विचारलं नाही. गल्लीत सगळे धरून चालले की मी तिथं काहीतरी चोरलं असेल, नाहीतर आपणहून सोडून कोण देतं. मी खुलासे केले नाहीत. खुलासा ऐकायला किती खोटा वाटतो ते मला कळलं होतं.

होळीच्या आधी चौटा बाजारात मोटीबेन भेटल्या. बांगड्यांच्या दुकानापुढं उभ्या होत्या. मला वाटलं तोंड फिरवतील, पण त्यांनीच हाक मारली.

"केम, कॉलेजवाळी? परीक्षा देणार ना?"

"या वर्षी नाही."

त्यांनी बांगड्यांचा एक जोड निवडून बाजूला काढला. मग म्हणाल्या, ते पाहणीचे लोक पुन्हा येऊन गेले. दुपारी आता दोघी असतात, किल्ली आतच असते. अक्का गावी गेली, तिच्या जागी नव्या मुली आल्यात. "हुशार आहेत. पण प्रत्येक जण आपापला डबा घेऊन बसते. एकमेकींचं कोणी चाखत नाही."

"आणि बा?"

"बा गई. दिवाळी पछी दीकरो लई गयो. जाताना पायरीवर थांबली, मागं वळून बघितलं, काही बोलली नाही."

मला एकदम मोकळं झाल्यासारखं वाटलं. आता सांगायला हरकत नव्हती. बाचं आता कुणी काही करू शकत नव्हतं.

"मोटीबेन, त्या दिवशी मी खरं बोलले होते. बाच होत्या."

त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं, पेशंटनं गोळी गिळली की जिभेखाली ठेवली ते बघतात तसं. मग हसल्या. रागानं नाही.

"हजुए बा?" त्या म्हणाल्या. "अजूनही बाच? अगं, आता तरी खरं सांग. मी कुणाला सांगणार आहे?"

"खरंच."

"जवा दे. मी साहेबांपुढं म्हटलं होतं, ही नाही, ही बोलणारी नाही. त्यांनी ऐकलं नाही." हे त्यांनी खरंच म्हटलं होतं की मला बरं वाटावं म्हणून म्हणत होत्या, मला कळलं नाही. विचारलं असतं तर त्यांना वाटलं असतं मी संशय घेतेय.

बांगड्यावाल्यानं कागदात गुंडाळून दिलेल्या बांगड्या त्यांनी पिशवीत खोल ठेवल्या. नात्यातल्या कुणा मुलीसाठी असतील. रस्त्यावर रिक्षा थांबली होती, त्या तिकडं निघाल्या. दोन पावलं जाऊन वळल्या आणि गर्दीतून मोठ्यानं म्हणाल्या,

"अने तें ज कीधुं होय ने, तो सारुं कर्युं!"

तूच सांगितलं असशील तर चांगलं केलंस. लोक वळून बघायला लागले. मी हात हलवला. नाही म्हणावं तर त्या ऐकणार नव्हत्या, आणि हो म्हणायला माझं मन धजलं नाही. रिक्षा निघून गेली.